अडतीस नळ्या आणि एक घसा

कुसळवाडी नावाच्या गावात झुंबर नावाचा पंचायतीचा एक भोळा शिपाई होता. बाकीचं सगळं गाव शहाणं होतं. इतकं शहाणं, की काहीही बिघडलं तर ते झुंबरनंच बिघडवलं असणार, हे गावाला काम सुरू व्हायच्या आधीच माहीत असायचं.

झुंबरचा दोष म्हणाल तर एकच. तो सांगितलेलं ऐकायचा. जसंच्या तसं. एकदा सरपंच सर्जेरावअण्णा त्याला म्हणाले, "मी येईपर्यंत या पायरीवरनं हलू नको." आणि अण्णा गेले लेकीच्या गावाला. तिसऱ्या दिवशी परत आले, तर झुंबर त्याच पायरीवर. गावानं त्याला तिथंच जेवू घातलं होतं. हल म्हणायचं मात्र कुणालाच सुचलं नव्हतं. आता यात वेडा कोण, हे तुम्हीच ठरवा.

कोरोनाच्या साली गावानं वेस बंद केली. बाभळीच्या काट्या टाकल्या, मोडकी बैलगाडी आडवी लावली. आतला बाहेर नाही, बाहेरचा आत नाही. आणि नेमकी तेव्हाच झुंबरची बायको इंदू हिवऱ्याला माहेरी बाळंत झाली. मुलगी झाली. हिवरं काही सातासमुद्रापार नाही, ओढा ओलांडला की दिसतं. पण ओलांडणार कसं?

इंदूनं फोन केला. "अहो, पोरगी तुमच्यावर गेलीय."

"म्हणजे कशी?"

"नाक तुमचं. आणि 'गप' म्हटलं की गप बसते."

"नाव काय ठेवलं?"

"तुम्ही आल्याबिगर नाव ठेवायचं नाही. मी आईला बजावून सांगितलंय. बाप वेशीच्या पलीकडं असताना कसलं बारसं!"

झुंबरनं अण्णांना विचारलं, वेस कधी उघडणार? अण्णा म्हणाले, "तालुक्याचा हुकूम आहे. ओळीनं चौदा दिवस गावात एकही रुग्ण नाही असा अहवाल गेला, की उघडली." झुंबरनं घरच्या भिंतीवर कोळशानं चौदा रेघा मारल्या. रोज एक पुसायची. शेवटची पुसली की पोरीचं तोंड.

गावात तपासणीला मंदाकिनी सिस्टर यायच्या. नाका-घशात काडी फिरवायची, नळीत टाकायची, नळीवर नाव लिहायचं. नळ्या तालुक्याच्या प्रयोगशाळेत पोचवायचं काम झुंबरचं. तेवढ्यापुरती त्याला वेस मोकळी, पण तालुक्याखेरीज कुठंही जायचं नाही, असं अण्णांनी बजावलेलं होतं. पहिल्या खेपेला आठ नळ्या होत्या. सिस्टर म्हणाल्या, "झुंबर, बर्फ वितळायच्या आत पोच. डबा गार राहिला पाहिजे."

वैशाखाचं ऊन. सायकल अर्ध्या वाटेत पंक्चर. बर्फाचं पाणी झालं. झुंबर घाबरला. ओढ्यात गुडघाभर पाणी होतं. त्यानं आठही नळ्या पाण्यात सोडल्या, वर दगड ठेवला आणि दोन तास शेजारी बसून राहिला. नळ्या अगदी गार झाल्या. नळ्यांवरची नावं ओढ्यानं गेली.

प्रयोगशाळेचं पत्र आलं : "आठ नळ्या मिळाल्या. एकीवरही नाव नाही. सात निगेटिव्ह, एक पॉझिटिव्ह. नमुने पुन्हा घ्यावेत."

पुन्हा कशाला घ्यायचे? गावाला पार होता, पारावर माणसं होती. ती बसली ठरवायला, की तो एक कोण.

रंगनाथ मास्तर निवृत्त झालेले, पण शिकवायचं थांबलेले नव्हते. ते म्हणाले, "अरे, हा काय बसून ठरवायचा प्रश्न आहे का? पुन्हा तपासा."

"मास्तर, यंत्राला जे कळतं ते आम्हाला दिसतं," अण्णा म्हणाले. "खोकतं कोण?"

सगळ्यांनी भिकाजीतात्यांकडं बघितलं. तात्या तंबाखूमुळं तीस वर्षं खोकत होते. शिवाय गेल्या हंगामात त्यांनी फवारणीचा पंप कुणाला उसना दिला नव्हता. हात वर करून मत घेतलं. तात्या बहुमतानं पॉझिटिव्ह निघाले.

"कुणीकुणी हात वर केले ते लिहून ठेवा!" तात्या शाळेच्या खोलीत जाताना ओरडत होते. "चौदा दिवसांनी बाहेर आलो की एकेकाला बघतो!"

बायकांना कुणी विचारलं नव्हतं. विचारलं असतं तर त्यांनी पंपवाल्याचं नाव घेतलं नसतं. पण त्यांच्या मनातही एकेक नाव होतंच, तेव्हा ते राहू द्या.

झुंबरच्या चौदा रेघा चौदाच राहिल्या. सिस्टर त्याला म्हणाल्या, "अरे शहाण्या, नावाशिवाय नमुन्याला काय किंमत? नावाला पाणी लागता कामा नये. नाव कोरडं ठकठकीत पाहिजे. एक वेळ नळी राहिली तरी चालेल, नाव पोचलं पाहिजे!"

झुंबरनं मान हलवली. हे तर सोपं होतं.

दुसऱ्या खेपेला दहा नमुने होते. झुंबरनं दहा नावांचा कागद प्लॅस्टिकच्या पिशवीत घातला, पिशवी दुसऱ्या पिशवीत घातली, ती छातीशी धरली आणि तालुक्याला पोचवली. नावं कोरडी ठकठकीत.

खिडकीतला माणूस म्हणाला, "नमुने कुठायत?"

"घरी हायेत. बाजेखाली."

"का?"

"नळी राहिली तरी चालेल, असं बाई म्हणाल्या."

त्या माणसानं झुंबरकडं नीट बघून घेतलं. मग त्यानं छापील कागद भरला : तपासलेले नमुने, शून्य. आढळलेले रुग्ण, शून्य.

कागद अण्णांच्या हातात पडला. अण्णांनी खालची ओळ वाचली. वरची वाचायची त्यांना गरज वाटली नाही. "शून्य! कुसळवाडीत शून्य!" पंचायतीच्या फळ्यावर भलंमोठं शून्य काढलं. त्याला हार घातला. हार घातलेल्या शून्याशेजारी अण्णांनी फोटो काढून घेतला, तो पेपरात आला.

मास्तर म्हणाले, "अहो, तपासलंच नाही तर रुग्ण सापडणार कुठून?"

"मास्तर, तुम्हाला गावाचं चांगलं झालेलं बघवतच नाही."

"मी डोळे मिटले तर गावात अंधार पडतो का, अण्णा?"

"तुम्ही मिटून तर बघा. गावाला जरा बरं वाटेल."

पारभर हसू झालं. मास्तर उठून घरी गेले. पुढच्या आठवड्यातही फळ्यावर शून्यच राहिलं, कारण शून्य आलेल्या गावात तपासायचं कशाला, असा अण्णांचा हिशेब. झुंबर रोज एक रेघ पुसत होता. नऊ रेघा पुसल्या. हिवऱ्याला फोन करून त्यानं सांगितलं, "पाचच राहिल्या. पाळणा बांधून ठेव."

दहाव्या दिवशी तालुक्याचा फोन आला. मोठे डॉक्टर होते. "न तपासता शून्य? असलं शून्य आम्ही धरत नाही. पन्नास माणसं तपासा. पन्नास म्हणजे पन्नास."

झुंबरनं भिंतीवर नऊ रेघा परत मारल्या. मारताना हुंदका आला, तो त्यानं फडक्याच्या आत दाबला. फडकं म्हणजे तोंडावरचं. ते काढायचं नाही असं त्याला सांगितलेलं होतं, म्हणून तो ते आंघोळीलाही काढत नव्हता. जेवताना खालून वर सरकवायचा, घास घातला की परत खाली. हल्ली जेवणही त्याला गोड लागत नव्हतं. मिरची लागेना, मीठ लागेना. त्याला वाटलं, इंदू घरात नाही म्हणून.

तपासणीचा दिवस उजाडला. सिस्टरनी शाळेत झुंबरला समोर उभं केलं. "नीट ऐक. ही पंचायतीनं दिलेली पन्नास नावांची यादी. या पन्नास नळ्या. नाव आणि नळी, दोन्ही गेलं पाहिजे. शाई वाळल्याशिवाय नळी डब्यात टाकायची नाही. चार वाजता गाडी येईल. एकसुद्धा नळी रिकामी जाता कामा नये. रिकामी गेली तर वेस उघडायचं विसर."

हे शेवटचं वाक्य झुंबरच्या काळजात गेलं.

मास्तर आले. चार म्हाताऱ्या आल्या. आणखी सात जण आले. झाले बारा. बाकीची शहाणी कुसळवाडी उसात जाऊन बसली होती. तपासलं की निघतं, नाही तपासलं की निघत नाही, हे पारावर केव्हाच सिद्ध झालेलं होतं. अण्णा तेवढे येऊन गेले. खुर्चीत बसले, तोंड उघडलं, फोटो काढून घेतला, तोंड मिटलं आणि काडी नाकाला लागायच्या आत उसाकडं गेले.

इतक्यात वस्तीवरची एक बाई अडली म्हणून सिस्टरना बोलावणं आलं. जाता जाता त्या म्हणाल्या, "उरलेले येतील त्यांना बसवून ठेव. मी आलेच."

तीन वाजले. कुणी आलं नाही. सिस्टरही आल्या नाहीत. साडेतीन झाले. टेबलावर अडतीस नळ्या रिकाम्या. झुंबरला हिवऱ्याचा बांधून ठेवलेला पाळणा दिसायला लागला. रिकामी नळी नको. नको म्हणजे नको.

त्यानं तोंडावरचं फडकं सोडलं, शाळेच्या आरशासमोर उभा राहिला, आ केला आणि काडी घशात घातली.

पहिल्या काडीला डोळ्यांत पाणी आलं. दहाव्या काडीला कान वाजायला लागले. विसाव्या काडीला सकाळची भाकरी वर आली, ती त्यानं कर्तव्य म्हणून परत गिळली. प्रत्येक नळीवर यादीतलं एक नाव त्यानं वळणदार अक्षरात लिहिलं. एक सर्जेरावअण्णांची. एक अण्णांच्या मंडळींची. एक भिकाजीतात्यांची. असं करत अडतीस. अगोदर भरलेल्या सतरा नळ्या त्यानं शाई वाळावी म्हणून खिडकीत ओळीनं उन्हात मांडल्या. राहिलेल्या वाळवायला वेळ नव्हता, त्या फुंकर मारून तशाच बर्फात टाकल्या. चार वाजता गाडी आली. पन्नासच्या पन्नास नळ्या भरलेल्या, नावं ठकठकीत. झुंबरच्या घशाची आग होत होती, पण मन गार होतं. आयुष्यात पहिल्यांदा त्याच्या हातून काम चुकलं नव्हतं.

तिसऱ्या दिवशी निकाल आला. एकवीस पॉझिटिव्ह.

त्या दिवशी पारावर जी गर्दी झाली, तेवढी ग्रामसभेलाही कधी होत नाही. अण्णा पॉझिटिव्ह, त्यांच्या मंडळी निगेटिव्ह.

"एका ताटात जेवतो आम्ही! यंत्रच खोटं आहे!" अण्णा ओरडले.

"यंत्र एकदम खरं आहे," भिकाजीतात्या म्हणाले. चौदा दिवस भोगून तपासणीच्या आदल्या दिवशी सुटलेले तात्या या खेपेला निगेटिव्ह आले होते. "मी पहिल्यापासनं म्हणतोय, विज्ञानावर विश्वास ठेवा. अण्णा, चला, शाळेची खोली दाखवतो. कोपऱ्यातली जागा हवेशीर आहे."

"मला साधी शिंक नाही, तात्या!"

"मलाही नव्हती. मला तर मतांवर आत टाकलंत."

ज्यांचं निगेटिव्ह आलं ते म्हणाले, यंत्रासारखं खरं काही नाही. ज्यांचं पॉझिटिव्ह आलं ते म्हणाले, हे सगळं वरून ठरवून केलेलं आहे. दुपारपर्यंत दोन तट पडले. भावाभावांनी एकमेकांकडं पाठ केली. आणि गंमत बघा, त्या दोन तटांतल्या एकाच्याही घशात काडी गेलेली नव्हती. प्रत्येकाला मनातल्या मनात ठाऊक होतं, की मी तर उसात होतो. पण तसं बोलायची सोय कुठं होती? मग जो तो यंत्रावर बोलत होता. हसा, हसा. तुमच्याही गावाला पार असेलच.

मंदाकिनी सिस्टर यादी हातात घेऊन आल्या. त्यांचा आवाज थंड होता. "सोनबा पुण्याला अडकलाय. त्याचा नमुना इथं कसा?"

त्यांनी यादीवरचं बोट खाली सरकवलं.

"आणि ही विठाबाई? ही तर गेल्या वर्षी वारली. हिचा रिपोर्ट निगेटिव्ह आलाय."

"तिला आता काय व्हायचंय म्हणा," झुंबर म्हणाला.

सिस्टर सावकाश त्याच्याकडं वळल्या. "झुंबर. हे अडतीस नमुने कुणाचे?"

"माझे," झुंबर म्हणाला. घसा बसलेला होता, पण आवाजात अभिमान होता. "एकही नळी रिकामी जाऊ दिली नाही, बाई."

 मग एकदम सगळ्यांना कामं आठवली. कुणाचं जनावर सुटलं, कुणाचं पाणी भरायचं राहिलं. मास्तरांनी काठी आडवी धरली. "थांबा. कुणी हलायचं नाही. यंत्र खोटं का खरं, हे तुम्ही सकाळपासून सांगताय. आता उसात कोणकोण होतं तेही सांगा." जो तो आपल्या चपला शोधायला लागला.

झुंबरनं मात्र सगळं सांगितलं, उन्हात मांडलेल्या नळ्यांसकट. सिस्टरनी कपाळाला हात लावला. "उन्हात नमुना मेला, म्हणून सतरा निगेटिव्ह. बर्फातला टिकला, म्हणून एकवीस पॉझिटिव्ह. यंत्रानं गपगुमान खरं तेच सांगितलं रे! खोटं ते आपण त्याच्या तोंडात घातलं." मग त्या दोन पावलं मागं सरकल्या. "म्हणजे रुग्ण तू आहेस. जेवणाला चव लागते का?"

"इंदू नाही ना घरात."

"चव लागते का?"

"नाही."

"शाळेच्या खोलीत जा."

झुंबरचा चेहरा पडला. त्यानं बोटं मोजली, मग मास्तरांकडं बघितलं. "मास्तर, एकवीस जणांचे चौदा-चौदा दिवस म्हणजे किती?"

"दोनशे चौऱ्याण्णव."

झुंबर मटकन खाली बसला. "तवर पोरगी चालायला लागंल, बाई!" आणि तो सगळ्यांसमोर रडला. पारावर हसू आलं नाही, असं पहिल्यांदाच झालं.

"अरे, एका माणसाचे चौदाच!" सिस्टर म्हणाल्या. त्यांचाही आवाज जरा ओला झाला होता.

मग सगळी कुसळवाडी खाली मान घालून रांगेत उभी राहिली आणि जिनं तिनं, ज्यानं त्यानं स्वतःच्या घशात काडी घालून घेतली. अण्णांनीही घेतली. त्यांचा फोटो कुणी काढला नाही. एकही पॉझिटिव्ह निघालं नाही. सिस्टर म्हणाल्या, झुंबर फडकं आंघोळीलाही काढत नव्हता, त्यानं वाचलात. अख्ख्या गावात नियम पाळणारा एकच होता, आणि त्याला आपण वेडा म्हणत होतो.

झुंबर बरा होऊन बाहेर आला. चव परत आली. गाव स्वच्छ असल्याचा अहवाल गेला, आणि तालुक्यानं कळवलं : दोन दिवस बाहेर अडकलेल्या घरच्या माणसांना यादी बघून आत घ्या, तिसऱ्या दिवशी वेस सगळ्यांना मोकळी. म्हणजे दोनच दिवस. तिसऱ्या दिवशी सकाळी ओढा, आणि ओढ्यापलीकडं पोरगी.

यादी धरून वेशीवर कुणाला बसवायचं? सगळ्या गावानं एकच नाव घेतलं. सिस्टरनी त्याला समोर उभं केलं आणि शेवटचा धडा दिला. "नाव एकाचं आणि माणूस दुसरा, असं पुन्हा करायचं नाही. माणूस समोर, नाव यादीत, दोन्ही जुळलं तरच आत. ज्याला नाव नाही त्याला आत नाही. तुझ्या ओळखीचा असला तरी नाही, नात्यातला असला तरी नाही. आणि आपल्या मनानं कुणाला नाव द्यायचं नाही. एकदा दिलीस तेवढी पुरे."

झुंबरनं मान हलवली. बैलगाडीच्या आडोशाला वही घेऊन बसला.

पहिल्या दिवशी सोनबा आला. नाव जुळलं, आत गेला. दुसऱ्या दिवशी ऊन कलताना ओढ्याच्या बाजूनं एक बाई आली. काखेत दुपट्यात गुंडाळलेलं मूल, डोक्यावर गाठोडं. इंदू. पावणेदोन महिने वाट बघून शेवटी तीच निघाली होती.

झुंबर उठून उभा राहिला.  दुपट्यातून एक नाक दिसत होतं. नाक त्याचंच होतं. त्यानं डोळे पुसले आणि वही उघडली.

"नाव?"

"अहो, असं काय करताय? मी इंदू!"

"इंदू झुंबर वाघमोडे. यादीत आहे. तू आत ये." मग त्यानं दुपट्याकडं बोट केलं. "हिचं नाव?"

"हिचं नाव कुठाय अजून? तुम्ही आल्याबिगर ठेवायचं नव्हतं ना!"

"मग हिला आत येता येणार नाही."

इंदूनं गाठोडं खाली ठेवलं. "लेक आहे तुमची."

"नात्यातलं असलं तरी नाही."

"मग ठेवा की नाव! आत्ता, इथं! कोणतं पण ठेवा!"

"आपल्या मनानं कुणाला नाव द्यायचं नाही, बाईंनी सांगितलंय."

इंदू त्याच्याकडं बघत राहिली. संसाराला चार वर्षं झाली होती. वाद घालून उपयोग नाही, एवढं तिला त्या चार वर्षांत कळलेलं होतं. तिनं पोरगी उचलली, झुंबरच्या हातावर ठेवली, गाठोडं घेतलं, काट्यांतल्या फटीतून आत शिरली आणि मागं वळूनही न बघता घराकडं चालू लागली. "माझं नाव यादीत हाय," ती म्हणाली. "मी चालले झोपायला. पावणेदोन महिने झोपले नाही."

दिवेलागणीला मंदाकिनी सिस्टर वेशीवर आल्या, तर झुंबर गाडीच्या बाहेरच्या अंगाला मांडी घालून बसलेला. त्याला आत यायला हरकत नव्हती, पण हातातल्या ऐवजाला होती. मांडीवर पोरगी त्याचं बोट धरून गाढ झोपलेली. शेजारी दिवसाचा अहवाल लिहून तयार, अक्षर वळणदार, शाई वाळलेली. सिस्टरनी वही उचलून वाचली :

"आज आत घेतलेले : एक बाई. वेशीवर अडवलेली : एक मुलगी. वय पावणेदोन महिने. नाव नाही. नाक शिपायासारखं. ओळख पटेपर्यंत शिपायाच्या मांडीवर ठेवली आहे. घाई नाही."